डावीकडची कोशिंबीर

अगं, काल फोनवर तू म्हणालीस, "मामंजींचं बोलणं अगदी स्वच्छ आहे, पण ताई, ते आमच्यात नसल्यासारखे बसतात." रात्रभर तेच डोक्यात घोळत राहिलं.

ह्यांना झटका आला तो मेंदूच्या डाव्या बाजूला. उजवा हात-पाय लुळा पडला, वाचाही गेली. चहा हवा असला की "पेपर, पेपर" म्हणायचे. मी पेपर आणून द्यायचे, ते ढकलून द्यायचे, आणि मग त्यांचे डोळे भरून यायचे. समजत सगळं होतं, शब्द तेवढा हाती लागत नव्हता. भेटायला येणारे त्यांच्यादेखत मलाच विचारायचे, "आता कसं वाटतंय ह्यांना?" घर माणसांनी भरलेलं आणि हे एकटे. गणपतीत आरती सुरू झाली आणि ह्यांच्या तोंडून अख्खं कडवं बाहेर पडलं! पाठ असलेलं, सुरातलं पुष्कळदा शाबूत राहतं, असं स्पीच थेरपिस्टने नंतर सांगितलं. आता मी हो-नाही पुरेल असंच विचारते आणि थांबते. ते थांबणं फार जड जातं बघ.

मामंजींचा झटका मेंदूच्या उजव्या बाजूचा. त्यांचं ताट नीट बघ. भाजी-आमटी संपते आणि डावीकडची चटणी-कोशिंबीर तशीच राहते ना? नावडते म्हणून नाही गं. डोळे धड असले तरी मेंदू त्या बाजूची दखलच घेत नाही. त्यांचे मित्र डावीकडे बसले असतील, मामंजींनी मान वळवली नसेल, म्हणून मनाला लावून घेऊन यायचे थांबले असतील. मित्रांना समजावून सांग, आल्याबरोबर उजवीकडे बसव. डावीकडे लक्ष वळवायचा सराव थेरपिस्टकडून शिकून घे.

माझ्या एका मैत्रिणीच्या मेंदूत रक्तस्राव झाला होता. चालते, बोलते, म्हणून कुणी विचारतही नाही. तासभर मांडवात बसली तर थकव्याने दोन दिवस आडवी.

आणि मामंजी जेवण टाळायला लागले, रात्र-रात्र जागे राहिले तर "वयाचं आहे" म्हणू नकोस. झटक्यानंतर साधारण तिघांतल्या एकाला नैराश्य येतं, त्यावर उपचार आहेत. डॉक्टरांना आपणहून सांग.

रविवारी ह्यांना घेऊन येते. कॅरम काढून ठेव. डावीकडच्या सोंगट्या मामंजींच्या ध्यानात आल्या नाहीत तर हे बोटाने दाखवतील. त्याला शब्द लागत नाहीत.