वाटी-चमच्याचे शास्त्र

आमच्या घरची बोली कोंकणी. आमची आजी तवशाचे धोंडस करीत असे. गूळ किती घालावा, असे विचारले की ती म्हणे, ‘लागता तितलें घाल.’ आजी गेली आणि तिच्याबरोबर ते धोंडसही गेले. पुढे आम्ही अनेकदा प्रयत्न करून पाहिले. परंतु ‘लागता तितलें’ म्हणजे किती, हे सांगणारे कोणी उरले नव्हते.

हातातली विद्या अशी हातातच राहिली तर एका पिढीत लोपते. ती कागदावर उतरविणाऱ्या दोन स्त्रियांची ओळख येथे करून द्यावयाची आहे.

पहिल्या अमेरिकेच्या जूलिया चाइल्ड. जन्म 1912. पतीच्या नोकरीनिमित्त त्या पॅरिसला गेल्या आणि 1949 मध्ये, वयाच्या सदतिसाव्या वर्षी, तेथील पाकशाळेत दाखल झाल्या. फ्रेंच पाककला म्हणजे निष्णात आचाऱ्यांचे काम, अशी तेव्हा अमेरिकन गृहिणींची समजूत होती. 1961 मध्ये दोन फ्रेंच मैत्रिणींच्या साहाय्याने जूलियाबाईंनी मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात डाव्या बाजूस जिन्नस व उजव्या बाजूस कृती अशी मांडणी होती. कोणत्या पायरीला काय लागेल, हे एका दृष्टिक्षेपात कळे. 1963 पासून त्या दूरदर्शनवर स्वयंपाक करून दाखवू लागल्या. हातून चूक झाली तरी ती न लपविता त्या पुढे जात, त्यामुळे पाहणाऱ्यांस धीर येई.

दुसऱ्या आपल्या कमलाबाई ओगले. जन्म 1913. शालेय शिक्षण चौथीपर्यंत. स्वयंपाकाचे खरे शिक्षण सासूबाईंच्या हाताखाली झाले. 1970 मध्ये त्यांचे ‘रुचिरा’ प्रसिद्ध झाले. मराठीत पाकपुस्तके पूर्वीही होती. लक्ष्मीबाई धुरंधरांचे ‘गृहिणीमित्र’ तर विसाव्या शतकाच्या आरंभीचे. मग ‘रुचिरा’च्या दीड लाखाहून अधिक प्रती का खपाव्यात? एक मोठे कारण म्हणजे त्यातील माप. 1958 पासून देशात शेर-छटाक जाऊन किलो-ग्रॅम येऊ लागले होते आणि घरोघरी तराजू नव्हता. वाटी व चमचा मात्र प्रत्येक घरी होता. कमलाबाईंनी तेच माप धरले.

यातील गणित लक्षात घ्या. शिऱ्यास एक वाटी रवा, एक वाटी साखर, अर्धी वाटी तूप व दोन वाट्या पाणी, असे प्रमाण समजा. वाटी लहान असो वा मोठी, एकच वाटी शेवटपर्यंत वापरली तर 2:2:1:4 हे गुणोत्तर ढळत नाही. तुमच्या पुस्तकातील गुणोत्तर-प्रमाण ते हेच! मात्र वाटी मोठी घेऊन चमचा लहानच ठेवला, तर मीठमसाला कमी पडेल. आणि सपाट चमचा व शिगोशीग चमचा एक नव्हेत.

धार व देवास येथे पवारांची राज्ये अठराव्या शतकात स्थापन झाली. त्यांच्यामागोमाग अनेक मराठी कुटुंबे माळव्यात आली. 1948 मध्ये ती संस्थाने मध्यभारतात विलीन झाली. कुटुंबे येथेच राहिली. शेजारी दालबाफले, सकाळी पोहे. माहेर शेकडो कोस दूर. अशा ठिकाणी नव्या सुनेला पुरणाचे प्रमाण विचारावयास जवळ कोणी नसे. तिच्यासाठी छापील पान हेच वडीलधारे माणूस. आणि पुस्तक सून की मुलगा हे पाहत नाही. वाचील त्याला ते शिकविते. म्हणून स्वयंपाक हे मुलींचेच काम, असे कोणत्याही मुलाने समजू नये.

तर मित्रहो, या सुटीत एक काम करा. आजी किंवा आई एखादा पदार्थ करीत असता वाटी-चमचा घेऊन जवळ बसा. तिची मूठ भांड्यात पडण्यापूर्वी वाटीत मोजून घ्या व वहीत लिहा. मग स्वतः तो पदार्थ करून तिला चाखावयास द्या. चुकल्यास तीच सांगेल.

आम्ही हे वेळेवर केले नाही. तुम्ही करा.