नटाचा पाठ : दिलीप प्रभावळकर यांच्या कारकिर्दीच्या निमित्ताने

मराठी नाट्यसमीक्षेत संहितेचा विचार पुष्कळ झाला. नटाची कारकीर्द मात्र बहुधा आठवणींचा विषय राहिली. नट हा संहितेचा भाष्यकार असतो आणि त्याचा प्रयोग हा एक प्रकारचा पाठभेदच असतो, याकडे पुरेसे लक्ष गेले नाही. रंगभूमी, चित्रपट आणि दूरचित्रवाणी या तिन्ही माध्यमांत वावरलेले व स्वतः लेखक असलेले दिलीप प्रभावळकर (जन्म १९४४) यांच्या निवडक भूमिकांच्या आधारे या प्रश्नाचा विचार करता येतो.

चि. वि. जोशी यांच्या कथांत चिमणराव स्वतःच निवेदक आहे. आपली फजिती तो गांभीर्याने सांगतो आणि त्या गांभीर्यातूनच विनोद निर्माण होतो. मुंबई दूरदर्शनवरील मालिकेत व १९७९च्या ‘चिमणराव गुंड्याभाऊ’ या चित्रपटात प्रसंग प्रत्यक्ष घडू लागले, तेव्हा निवेदकाचे कार्य नटाकडे आले. फजिती भोगणारा आणि तिच्याकडे भाबडेपणाने पाहणारा असे दोन चिमणराव एकाच देहात दाखविणे भाग होते. बाळ कर्वे यांच्या गुंड्याभाऊशेजारी प्रभावळकरांनी साकारलेला संकोची चिमणराव प्रेक्षकांच्या मनात इतका ठसला, की नंतरच्या वाचकाला मूळ कथाही त्याच आवाजात ऐकू येऊ लागल्या. प्रयोगाने संहितेचे वाचन बदलते, ते असे.

जयवंत दळवी यांच्या ‘नातीगोती’ या नाटकात त्यांनी मतिमंद मुलाच्या पित्याची भूमिका केली, तर ‘चौकट राजा’ (१९९१) या चित्रपटात मतिमंद नंदू स्वतः उभा केला. एकाच दुःखाच्या या दोन बाजू होत. पित्याला दुःख सांगण्यासाठी भाषा उपलब्ध आहे. नंदूची भाषाच मर्यादित आहे. साहजिकच दुसऱ्या भूमिकेत अर्थाचा भार शब्दांकडून देहाकडे सरकतो. केवळ संवाद वाचून अशा भूमिकेचे मूल्यमापन करणे अशक्य आहे.

‘हसवाफसवी’ या नाटकात लेखक आणि नट एकच होते. प्रभावळकरांनी सहा भूमिका स्वतःसाठी लिहिल्या. त्यांतील कृष्णराव हेरंबकर हे वृद्ध गायकनट संगीत रंगभूमीच्या ओसरलेल्या वैभवाची खूण ठरतात. ही संहिता एका विशिष्ट देहासाठीच होती काय, असा प्रश्न उद्भवतो. पुढे पुष्कर श्रोत्री यांनी त्याच भूमिका केल्या. म्हणजे संहितेला स्वतंत्र अस्तित्व आहे. परंतु प्रत्येक देह तिचा निराळा पाठ सिद्ध करतो.

‘अनुदिनी’ हे रोजनिशीच्या रूपातील लेखन वृत्तपत्रातून आले. त्यावरून २००१मध्ये ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ ही मालिका सुरू झाली व प्रभावळकर तिच्यात आबा झाले. रोजनिशी एकांतात लिहिली जाते. दूरचित्रवाणीवर तिचे घरगुती संभाषण झाले. चिमणरावाच्या वेळी दुसऱ्याचे निवेदन देहात आणणारा नट येथे आपल्याच निवेदनाचा भाष्यकार झाला.

वाङ्मयाच्या अभ्यासकाला हस्तलिखितांतील पाठभेद महत्त्वाचे वाटतात. प्रयोगातील पाठभेदांची नोंद तो क्वचितच ठेवतो. ध्वनिचित्रमुद्रण न झालेले प्रयोग प्रेक्षकांच्या स्मृतीबरोबर लोप पावतात. म्हणूनच त्यांची नोंद करणे, हे संहितासंपादनाइतकेच वाङ्मयेतिहासाचे कर्तव्य मानावयास हवे.