आधी बुंधा बघा

झाड वाळायला लागलं की लोक वर बघतात. पानं का पिवळी पडली, कीड कुठली, औषध कोणतं मारायचं. मी आता आधी खाली बघते, खोड मातीत शिरतं तिथे. जुन्या, धडधाकट झाडाचा बुंधा जमिनीशी रुंदावतो, मुळं थोडी वर दिसतात. तो खांबासारखा सरळ मातीत उतरलेला दिसला, की बहुतेक वेळा भराव पडलेला असतो.

महाबळेश्वरला आमच्या हद्दीवरचं जांभूळ असंच गेलं. शेजारच्या प्लॉटवर गाड्यांसाठी जागा करताना ठेकेदाराने बुंध्यापर्यंत मुरूम ओतला, जेसीबीने दाबला, वर पेव्हर ब्लॉक बसवले. पहिल्या पावसाळ्यात झाडाला काहीच झालं नाही, आणि घात तिथेच होतो. साठवलेल्या अन्नावर झाड काही वर्षं तग धरतं. मग पानं लहान येऊ लागली, शेंडे वाळले, शेवटी खोडाला भोकं पडून भुसा गळू लागला. सगळे म्हणाले, खोडकिडा. भोकांत औषध भरलं. पण खोडकिडा बहुधा आधीच खचलेल्या झाडाला गाठतो. मुरूम उकरला तेव्हा बुंध्याची साल हाताने सुटून येत होती.

इथे जांभ्या दगडावर मातीचा थर पातळ. मुळं आडवी पसरतात, फांद्यांच्या घेराबाहेरही. वर्षाला सरासरी ५,५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. दाबलेल्या भरावाखाली तेव्हा मुळांना हवा मिळत नाही, ती कुजतात. एप्रिलपर्यंत जांभ्यातलं पाणी निथळून गेलेलं असतं आणि उरलेली मुळं एवढ्या पानांना पुरी पडत नाहीत. झाड वाळतं उन्हाळ्यात, पण मार पावसाळ्यात बसलेला असतो. म्हणून मागच्या तीन-चार वर्षांत झाडाभोवती काय खणलं, ओतलं, बांधलं ते आधी विचारा.

आमच्याच आवारातला हिरडा वेळेत भरावातून मोकळा केला, त्याला पुन्हा पालवी फुटली. भराव खुरप्याने, हळू, मूळ जमीन लागेपर्यंत काढा. उन्हाळ्यात पाणी बुंध्याशी नको, फांद्यांच्या टोकांखाली द्या. पालापाचोळा पसरा, पण खोडाला टेकवू नका. आजारी झाडाला खताचा मारा करू नका.

काही झाडं मात्र ठरवून मारली जातात. पानांतलं अन्न सालीतून मुळांकडे उतरतं. खोडाभोवती सालीचं पूर्ण कडं काढलं की मुळं उपाशी मरतात. याविरुद्ध कायद्याचा आधार आहे. महाबळेश्वर-पाचगणी २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. नागरी भागातल्या झाडांसाठीच्या १९७५ च्या कायद्यात तोडण्याबरोबर झाड जाळणं, त्याला इजा करणंही येतं. असं कडं किंवा ताजा भराव दिसला तर तारखेसह फोटो काढा, नगरपरिषदेत आणि वन विभागात लेखी तक्रार द्या, पोच घ्या. जूनच्या आत द्या. एका पावसात भरावावर गवत उगवतं आणि मग मूळ जमीन कुठे होती ते दाखवता येत नाही.