संगणकावरील अक्षर आणि छायाचित्र : काही उपयुक्त धडे

जयंती असो, वर्षावासाची सांगता असो की गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार असो, कार्यक्रमाची पहिली ओळख चौकातल्या फलकावरून होते. पूर्वी हे काम पेंटरकडे असे. कापड ताणून बांधायचे, खडूने दोन रेषा मारायच्या आणि कुंचल्याने अक्षर काढायचे. त्या अक्षरात डावे-उजवे असेल, पण जोडाक्षर कधी तुटत नसे. आज नांदेड-लातूरच्या कोणत्याही फ्लेक्सच्या दुकानात तेच काम संगणकावर तासाभरात होते, आणि आपले कितीतरी विद्यार्थी ते घरच्या घरीही करतात. आम्ही बँकेतले कारकून, शिक्षणाने कला शाखेचे पदवीधर. संगणकाचे शास्त्र आम्ही शिकलेलो नाही. परंतु पत्रिका, फलक आणि जुने फोटो यांच्या कामातून जे हाती लागले ते सभासदांसमोर व विद्यार्थ्यांसमोर ठेवावे, एवढाच या लेखाचा उद्देश आहे.

या कामाचे सर्वांत परिचित साधन म्हणजे फोटोशॉप. थॉमस आणि जॉन नॉल या दोन अमेरिकन भावांनी ते तयार केले आणि अ‍ॅडोबी कंपनीने फेब्रुवारी १९९० मध्ये बाजारात आणले. १९९४ च्या तिसऱ्या आवृत्तीत त्यात लेयर आले आणि कामाची पद्धतच बदलली. लेयर म्हणजे थर. फोटोवर पारदर्शक कागद ठेवावा आणि जे काही लिहायचे-रंगवायचे ते त्या कागदावर करावे, तसा हा प्रकार आहे. बँकेच्या वहीत चुकलेली नोंद गिरवून टाकता येत नाही. ती वाचता येईल अशा रीतीने एका रेघेने कापायची, बरोबर आकडा शेजारी लिहायचा आणि सही करायची. लेयरचे तत्त्वही आम्हांस तसेच वाटते. खालचे मूळ शाबूत राहते आणि बदल वेगळा दिसतो. पुढे जे सांगणार आहोत ते सारे या एका गोष्टीवर उभे आहे.

फोटोशॉप वर्गणी भरून घ्यावे लागते. ज्यांना ते परवडत नाही त्यांच्यासाठी १९९६ पासून उपलब्ध असलेला गिम्प हा मोफत प्रोग्रॅम आहे, आणि ब्राउझरमध्ये चालणारे फोटोपीही आहे. शिकण्यासाठी ही दोन्ही पुरेशी आहेत. चोरीची प्रत वापरण्याची मुळीच गरज नाही.

आता अक्षरांकडे वळू. मराठी मजकुराची पहिली अडचण फॉन्टची असते. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचे श्री-लिपी आणि पुण्याच्याच सी-डॅकचे आयएसएम यांनी संगणकावरील मराठी छपाईला मोठा हात दिला, हे मान्य केलेच पाहिजे. पण जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये संगणकाच्या लेखी साठवलेले अक्षर इंग्रजीच असते, फक्त त्याचे रूप मराठी दिसते. तो फॉन्ट नसलेल्या दुकानात फाइल उघडली की सत्कारमूर्तींच्या नावाच्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. युनिकोडमध्ये मात्र ‘क’ हा जगात सगळीकडे ‘क’च असतो. म्हणून नवीन काम युनिकोडमध्येच करावे. मुक्त, बालू, नोटो असे चांगले देवनागरी फॉन्ट मोफत मिळतात.

दुसरी अडचण फोटोशॉपमध्ये येते. जुन्या आवृत्त्यांत युनिकोड मजकूर टाकला की ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसते आणि जोडाक्षरांचे पाय मोडतात. ‘शिक्षण’ हा शब्दसुद्धा धड उमटत नाही. यावर उपाय आहे. प्रेफरन्सेसमध्ये टाइप या भागात ‘मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन’ हा पर्याय निवडावा (पुढील आवृत्त्यांत त्यालाच ‘वर्ल्ड-रेडी लेआउट’ म्हटले आहे), प्रोग्रॅम बंद करून पुन्हा उघडावा आणि अक्षरांचा नवा लेयर घ्यावा. परीक्षेसाठी आम्ही दोन शब्द लिहून पाहतो : ‘विद्यार्थ्यांनी’ आणि ‘शेतकऱ्यांच्या’. पहिल्यात वेलांटी, जोडाक्षर, रफार आणि अनुस्वार एकत्र येतात. दुसऱ्यात आपल्या मराठीचा खास ‘ऱ्या’ आहे. हे दोन नीट उमटले तर बाकीच्या मजकुराची काळजी फारशी उरत नाही.

अक्षरांत चित्र भरण्याचा परिणाम विद्यार्थ्यांना फार आवडतो. तो असा करावा. स्मरणिकेचे मुखपृष्ठ ए-फोर आकाराचे असेल तर ३०० रिझोल्युशनला २४८० बाय ३५०८ पिक्सेलची नवी फाइल घ्यावी. ‘समता’सारखा छोटा शब्द जाड वळणाच्या फॉन्टमध्ये मोठा लिहावा. बारीक अक्षरात चित्र दिसत नाही. त्याच्या वरच्या लेयरवर फोटो आणावा, विष्णुपुरी धरणाच्या पाण्याचा किंवा सभेच्या गर्दीचा. मग कीबोर्डवरील ऑल्ट दाबून दोन लेयरच्या मधल्या रेघेवर क्लिक करावे. फोटो अक्षरांच्या आतच दिसू लागतो, आणि हलवला तर आतल्या आत सरकतो. गिम्पमध्ये अक्षरांच्या लेयरवरून ‘अल्फा टू सिलेक्शन’ करून फोटोच्या लेयरला त्या सिलेक्शनचा मास्क लावावा. मात्र एखाद्या व्यक्तीचा चेहरा अक्षरांत कधीही भरू नये. काना डोळ्यावर येतो आणि वेलांटी कपाळ कापते. ज्यांचा आदर करायचा त्यांचीच अशी चिरफाड झालेली आम्ही फलकांवर पाहिली आहे.

देवनागरीची आणखी एक खूण म्हणजे शिरोरेषा. इंग्रजी अक्षरांमध्ये अंतर वाढवले की शब्द भारदस्त दिसतो. ते पाहून आपण मराठी शब्दाचेही ट्रॅकिंग वाढवतो आणि शिरोरेषा तुकड्या-तुकड्यांनी तुटते. ते शून्यावरच ठेवावे. दोन ओळींमध्येही इंग्रजीपेक्षा जास्त जागा सोडावी, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत अडकतो. सावली, चकाकी, उठाव, सोनेरी कडा हे सगळे एकाच ओळीला लावण्याचा मोह टाळावा. एक सावली पुरते, आणि ती फोटोतल्या उजेडाच्या विरुद्ध बाजूला पडली पाहिजे. फलक रस्त्यावरून जाताना वाचला जावा यासाठी असतो, हे फ्लेक्सच्या बाबतीत आपण जवळजवळ विसरून गेलो आहोत.

जुन्या फोटोंचा विषय याहून नाजूक आहे. आपल्या आजी-आजोबांच्या पिढीत फोटो काढणे ही चैन होती. एखाद्या घरात एकच फोटो असतो, तोही लग्नाच्या किंवा शाळेच्या घोळक्यातला. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला तेव्हा किल्लारी-सास्तूर परिसरात दगडमातीच्या घरांबरोबर घरातल्या पेट्याही गाडल्या गेल्या. सुमारे दहा हजार माणसे गेली. अशा माणसाचा एखादा फोटो नातेवाइकांकडे सापडतो आणि ‘एवढा चेहरा मोठा करून द्या’ म्हणून कोणी आपल्यासमोर ठेवतो, तेव्हा काय करता येते आणि काय येत नाही हे माहीत असले पाहिजे.

प्रथम स्कॅन. मोबाइलने फोटोचा फोटो काढू नये. पोस्टकार्ड आकाराचा, म्हणजे ४ बाय ६ इंचाचा फोटो ६०० रिझोल्युशनला स्कॅन केला तर तो ८ बाय १२ इंचांपर्यंत स्वच्छ छापता येतो. पासपोर्ट आकाराचा फोटो १२०० ला घ्यावा. त्यातून साधारण साडेपाच बाय सात इंचांची तसबीर निघते. फोटो कृष्णधवल असला तरी स्कॅन रंगीत करावे. कारण पिवळे डाग निळ्या चॅनलमध्ये सर्वांत गडद आणि लाल चॅनलमध्ये जवळजवळ नाहीसे दिसतात. लाल चॅनल तेवढे वेगळे घेतले की अर्धे काम आपोआप होते. फाइल टिफमध्ये ठेवावी आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवू नये, त्यात ती आकसते. डॉक्युमेंट म्हणून पाठवावी.

नंतर दुरुस्ती. मूळ लेयरला कुलूप लावावे आणि वर रिकामा लेयर घ्यावा. क्लोन स्टॅम्प किंवा हीलिंग ब्रश घेऊन खालच्या लेयरवरूनही नमुना उचलण्याची सोय चालू करावी आणि घड्या, ओरखडे, वाळवीची छिद्रे त्या रिकाम्या लेयरवर भरावीत. भिंत, आकाश, लुगड्याचा साधा भाग येथे हात मोकळा चालू द्यावा. डोळे, ओठ, हनुवटी, कपाळ येथे थांबावे.

घोळक्यातला आठ मिलिमीटरचा चेहरा १२०० ला स्कॅन केला तरी जेमतेम पावणेचारशे पिक्सेल उंच भरतो. तेवढ्यातून टिचभर फोटो चांगला होतो, भिंतीवरची मोठी तसबीर होत नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारे प्रोग्रॅम ती तसबीर क्षणात करून देतात. २०२३ पासून फोटोशॉपमध्येही रिकामी जागा आपोआप भरण्याची सोय आली आहे. चेहरा लखलखीत होतो, पापण्यांचे केसही दिसू लागतात. पण ते केस स्कॅनमध्ये नव्हते. यंत्राने पाहिलेल्या हजारो परक्या चेहऱ्यांवरून ते काढलेले असतात. म्हणजे मुलगा ज्या डोळ्यांकडे पाहून हात जोडणार, ते डोळे त्याच्या आईचे नसतात. असा फोटो करून देण्यापेक्षा लहान आणि किंचित धूसर फोटो द्यावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. घरच्यांनी आग्रह धरलाच तर खरे काय ते आधी सांगावे आणि मूळ प्रतही सोबत द्यावी.

रंग भरण्याचेही तसेच आहे. कृष्णधवल फोटोत उजेड नोंदला जातो, रंग नाही. बाबासाहेबांच्या कृष्णधवल छायाचित्रातला कोट आपण निळा रंगवतो. ती आपली प्रिय परंपरा आहे, त्या छायाचित्राची साक्ष नव्हे. फलकावर जरूर निळा असावा. पण स्मरणिकेत इतिहास म्हणून छायाचित्र द्यायचे तेव्हा ते जसे आहे तसे द्यावे.

या बाबतीत आपल्याच मराठवाड्यातील अजिंठ्याचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. १९२० ते १९२२ या काळात निजाम सरकारने चेक्कोनी आणि ऑर्सिनी या इटालियन तज्ज्ञांना लेण्यांतील चित्रांच्या रक्षणासाठी बोलावले. सुटू लागलेले रंगथर त्यांनी पक्के केले, ही त्यांची सेवा मोठीच. परंतु चित्रांवर लाखेचे रोगणही बसले. कालांतराने ते पिवळे-तपकिरी झाले आणि पुढे पुरातत्त्व विभागाच्या रसायनशास्त्रज्ञांना ते जपून जपून काढावे लागले. नंतरच्या काळात नाशिकचे छायाचित्रकार प्रसाद पवार यांनी याच चित्रांची अनेक वर्षे छायाचित्रे घेतली आणि झिजलेले भाग संगणकावर भरून पूर्ण चित्र कसे दिसत असेल ते दाखवले. पवारांच्या भरणीतील एखादी रेघ कोणा अभ्यासकास पटली नाही तर ती बदलता येईल, कारण भिंतीला हात लागलेला नाही. रोगण मात्र भिंतीवरच होते.

संस्थेच्या विद्यार्थ्यांनी सुरुवात करायची तर आपल्याच घरातल्या एका फोटोपासून करावी. फोटोची मागची बाजूही स्कॅन करावी. तेथे कधी स्टुडिओचा शिक्का असतो, कधी शाईने लिहिलेले नाव आणि साल. फाइलला गाव, वर्ष आणि व्यक्तीचे नाव द्यावे, दुरुस्त केलेल्या प्रतीच्या नावापुढे ‘दुरुस्त’ हा शब्द आणि आपले नाव जोडावे, दोन्ही प्रती दोन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात आणि मूळ फोटो त्याच दिवशी ज्याचा त्याला परत करावा.