तेच जुनं पान!

सुट्टीत कुंडलला घरी होते. शिष्यवृत्तीच्या यादीत माझं नाव दिसेना. आई रडकुंडीला आली. हॉस्टेलवरच्या मैत्रिणीला मात्र तेच पान उघडल्यावर माझं नाव दिसत होतं! कागदपत्रं द्यायला दोनच दिवस उरलेले. एफ १२ दाबून नेटवर्क टॅब पाहिला. विनंती सर्व्हरकडे गेलीच नव्हती, ब्राउझरनं साठवलेलं जुनं पान पुढे केलं होतं. कंट्रोल-एफ ५ दाबलं, नाव आलं!

तरीही जुनंच आलं, तर मधल्या प्रॉक्सीवर संशय घ्या. हेडरमधला 'एज' आकडा सांगतो, पान किती सेकंदांपूर्वीचं आहे. अशी यादी आपण बनवली, तर 'कॅश-कंट्रोल' मध्ये 'नो-स्टोअर' लिहायचं. 'नो-कॅश' या नावाला भुलू नका (मी भुलले होते). त्यात पान साठवतात, फक्त दाखवण्याआधी सर्व्हरला विचारतात.