‘कोच तरी’मधलं ‘तरी’

पोफळी

चि. भाचीस,


इथे पाऊस थांबायचं नाव घेत नाही. कुंभार्ली घाट धुक्यात बुडालाय, आणि मैदानात चेंडू टाकला तर तो घरंगळत नाही, तरंगतो. अशात तुझा फोन आला. गुडघा साथ देत नाही, आता कोच तरी होते, म्हणालीस. त्या ‘तरी’वर आत्या अडून बसली आहे.

गोव्याची मेमॉल रॉकीच बघ. ती भारताकडून फुटबॉल खेळली. खेळणं थांबल्यावर तिला थेट मोठी खुर्ची मिळाली नाही. आधी ती साहाय्यक प्रशिक्षक होती. २०१७ मध्ये भारताचा वरिष्ठ महिला संघ तिच्या हाती आला. त्या संघाची ती पहिली स्त्री मुख्य प्रशिक्षक. पुढच्याच वर्षी म्यानमारमध्ये ऑलिंपिक पात्रतेच्या पहिल्या फेरीत तिच्या मुलींनी बांगलादेशाला ७-१ असं धुतलं, नेपाळला बरोबरीत रोखलं, यजमानांकडून १-२ हार खाल्ली, आणि तरीही भारत प्रथमच दुसऱ्या फेरीत गेला. मार्च २०१९ मध्ये विराटनगरला नेपाळला त्यांच्याच घरी ३-१ हरवून संघाने दक्षिण आशियाचा सॅफ करंडक आणला.

आत्याच्या डोक्यात मात्र त्यानंतरचा महिना घोळतो. मंडालेला ऑलिंपिक पात्रतेची दुसरी फेरी. इंडोनेशिया हरला, नेपाळ हरला, म्यानमारशी ३-३ बरोबरी झाली. गुण दोघांचे सारखे, पण गोलफरकात म्यानमार पुढे, आणि भारत बाहेर. एकही सामना न हरता! खेळाडू असताना सामना खिशात आला की पाय आपोआप सैल पडतात. तेव्हा आणखी एका गोलासाठी दहाजणींना पळवत ठेवणं हे बाकावर बसलेल्या बाईचं काम. ते वेगळं शिकावं लागतं.

आपल्या बाजूचं उदाहरण हवं असेल तर घाट चढून कोल्हापूरकडे बघ. गडहिंग्लज तालुक्यातल्या बेकनाळची अंजू तुरंबेकर महाराष्ट्राकडून खेळली, मग प्रशिक्षकाच्या परवान्यांची एकेक पायरी चढत आशियाई महासंघाच्या ‘ए’ परवान्यापर्यंत पोहोचली. अखिल भारतीय फुटबॉल महासंघात लहान मुलामुलींच्या पायाभूत फुटबॉलची प्रमुख होती, पुढे गोव्याच्या धेंपो क्लबचं युवा फुटबॉल तिने सांभाळलं. गावाकडची मुलगी लहानग्यांना शिकवण्यात एवढी मुरली, याचं आत्याला करंडकांपेक्षा जास्त कौतुक.

तुझं स्वप्न कॉलेजात कोच होण्याचं. अमेरिकेत तो सरळ पेशा आहे. तिथे १९७२ च्या कायद्याने सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थांना मुली आणि मुलांत भेद करायला बंदी केली, आणि कॉलेजांत मुलींचे संघ उभे राहिले. १९९१ चा विश्वचषक जिंकणाऱ्या संघाची कर्णधार एप्रिल हाइनरिक्स विद्यापीठांचे संघ घडवत राष्ट्रीय प्रशिक्षक झाली आणि २००४ चं ऑलिंपिक सुवर्ण घेऊन आली.

आपल्याकडे कॉलेजात ‘फुटबॉल कोच’ अशी कायम जागा शोधत बसू नकोस. जागा असते शारीरिक शिक्षण संचालकाची. त्या एकाच माणसाच्या गळ्यात कबड्डी, खो-खो, बुद्धिबळ आणि जिमखान्याच्या किल्ल्या. त्यासाठी एम.पी.एड.ला ५५ टक्के हवेत, नेट किंवा सेट हवी, आणि शारीरिक क्षमतेची चाचणीही: तिशीपर्यंतच्या महिलेला ८ मिनिटांत १००० मीटर. गुडघ्याचं आत्ताच नीट बघून घे म्हणते, ते यासाठीच! बँडेज गुंडाळून ढकलायचे दिवस संपले.

पदवीबरोबर परवानाही सुरू कर. सुरुवात ‘डी’पासून. त्या कोर्सला खेळाडू म्हणून मिळवलेल्या पदकांची पिशवी घेऊन जाऊ नकोस, कोरी वही घेऊन जा. आणि जमलं तर रेफ्रीची शिट्टीही वाजवून बघ. दोन्ही बाजूंच्या शिव्या ऐकल्या की नियम पाठ होतात.

गणपतीला येशील तेव्हा वाडीतल्या पोरींचा तासभर सराव घे. त्यातल्या दोघींना अजून डाव्या पायाने पास देता येत नाही, आणि एक तर चेंडू आला की डोळेच मिटते. चेंडू पाच आहेत. हवा भरून ठेवते.

तुझी,
आत्या