पोटगी, ताबा आणि पारावरचा निकाल

प्रश्न : क्रिकेटपटू युजवेंद्र चहल आणि धनश्री वर्मा यांच्या घटस्फोटातल्या पोटगीवरून पारावर निघालेला विषय आमच्या भावकीतल्या घटस्फोटावर आला. सुनेचं बाहेर प्रकरण होतं. मग मूल तिला का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : काका, चहल यांचे ४.७५ कोटी रुपये दोघांच्या संमतीने ठरले होते, तो दंड नव्हता. मुलाचा प्रश्न निराळा. व्यभिचार घटस्फोटाचं कारण ठरतो, ताबा नाकारण्याचं नव्हे, असं मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये सांगितलं. त्या प्रकरणात ९ वर्षांच्या मुलीचा ताबा आईकडेच राहिला. साताऱ्यातलं न्यायालय असो की सांगलीतलं, बघितलं जातं ते मुलाचं हित : डबा कोण भरतं, तापात उशाशी कोण बसतं. सुनेच्या वागण्याचा परिणाम तिच्या पोटगीवर होऊ शकतो, मुलाच्या खर्चावर नाही. पारावर तिची उणीदुणी निघतात तेव्हा ते पोरही ऐकतं; हे कृपा करून थांबवा. वडिलांच्या भेटीचे वार मात्र लेखी ठरवून घ्या.